ठेवीची झाडं

४ मार्च

ठमे,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ते तू ठरव. दुसरं कुठलं नाव हाताला येईना.

तुझी चिठ्ठी मिळाली. नऊ वर्षांनी आली आणि त्यात मोजून तीन वाक्यं! ‘पट्टे आले नाहीत. साधी जांभळी फुलं आली. तुझ्याकडून आलेलं सगळं असंच निघतं.’ टोमणा मारायची ही रीत थेट तुझ्या बाबांची. आधी हसू आलं, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता पट्ट्यांचं सांगते. लायब्ररीवाल्या बाईंनी गेल्या वर्षी तुझा पत्ता आणून दिला, तेव्हा मी तुला आपल्या त्या पट्टेरी फुलांच्या व्हायोलेटची तीन पानं धाडली. पुडीवर ‘पट्ट्याचं’ एवढं लिहिलं, बाकी काही लिहायचं धाडस झालं नाही. व्हायोलेटचं पान देठासकट मातीत खोचलं की त्याला पिल्लं धरतात, पण पट्ट्याच्या जातीचा स्वभाव वेगळा. पानापासून केलेलं पिल्लू साध्याच रंगाचं निघतं. पट्टे हवे असतील तर मूळ झाडाचा शेंडा छाटावा लागतो. तो शेंडा लावायचा, नाहीतर बुंध्याला फुटवे येतात ते लावायचे. हे माझ्या ध्यानातून गेलं. वय झालं, दुसरं काय.

हे पत्र पानांच्या खोक्यात ओल्या कापसाखाली आहे. तूही तिथेच ठेवत जा. खोकी बाबाच उघडतात, कटरने, अगदी सरळ रेषेत. ओल्या कापसाला मात्र हात लावत नाहीत. तुझ्या घरमालकिणीचं नाव मी आमच्या हौशी मंडळाच्या यादीत घातलंय. बाबांना वाटतं कुणी परगावच्या बाई आहेत, व्हायोलेटवेड्या. पत्ता त्यांनीच लिहिला, टपोऱ्या अक्षरात, आणि वर लाल शाईने ‘नाजूक’.

मंडळ तू गेल्यावर जमलं, आम्ही पंधरा-वीस माणसं. टेलरबाई, दातांचे डॉक्टर, लायब्ररीवाल्या बाई, असे. आमच्यात झाड विकायचं नाही, वाटायचं. आणि वाटलेलं झाड ही देणाऱ्याची ठेव. उद्या माझं मेलं, तर ज्याला दिलं होतं त्याने आपल्याकडचं मला परत करायचं. त्यामुळे आमच्याकडे कुठलीच जात समूळ जात नाही.

बाकी ठीक. त्या संध्याकाळी बाबांनी कडी लावली, तिथे मी काय करणार होते, हे तुलाही कळत असेल. राग धरू नकोस.

तुझी
आई

१९ मार्च

ठमे,

‘घराबाहेर शेवटची कधी पडलीस?’ एवढंच विचारलंस. उत्तर: परवा. कचरा टाकायला, तीन जिने खाली. हसलीस ना? मग झालं.

बाबा अडवत नाहीत मला. दाराला कुलूप नाही, हातात काठी नाही. फक्त विचारतात. कुठे, कशाला, कुणाकडे, किती वेळ. परत आले की, वीस मिनिटं म्हणाली होतीस, पस्तीस कशी झाली? सगळं शांतपणे. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले त्यांनी. निवृत्त झाल्यावर घरात तपासायला एकच मीटर उरला, तो मी. उत्तरं द्यायचा कंटाळा आला आणि जाणंच कमी केलं. कधी केलं, ते आठवत नाही.

व्हायोलेटचं खूळ लागलं तेव्हा आधी वाटलं, नाकं मुरडतील. कसलं काय! बाबांनी स्वतः मांडण्या ठोकल्या. बाहेर दोन, आणि तू गेल्यावर तुझ्या खोलीत दोन. प्रत्येक फळीला ट्यूबलाइट आणि आपोआप चालू-बंद होणारं बटण. सकाळी सहाला उजाडतं, रात्री आठला मावळतं. मंडळाची बैठकही आमच्याकडेच ठेवायला लावली, महिन्यातून दोनदा. लोक म्हणतात, ‘काकू, नशीब काढलंत! आमचे हे एक कुंडी ठेवू देत नाहीत.’ मी चहा ओतते. काय सांगू त्यांना? उन्हासाठीसुद्धा आता मला खिडकीशी जावं लागत नाही, हे?

एकशे चाळीस कुंड्या आहेत. पाणी वरून घालायचं नाही, पानावर थेंब पडला की डाग राहतो. बशीत घालायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. शिवाय रोज प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, नाहीतर झाड एका अंगाने वाढतं. सकाळची दुपार यातच होते. गेल्या वर्षी माझी मावशी गेली, तेव्हा म्हटलं, चार दिवस जाऊन येते. बाबा म्हणाले, ‘जा की. झाडांचं काय ते बघ.’ मी झाडांचं बघितलं आणि गेले नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा.

गेल्या पत्रात एक खोटं लिहिलं. पट्ट्यांचं मी विसरले नव्हते. वीस वर्षं करतेय, विसरेन कशी? पान तोडलं तर कुणाच्या नजरेत येत नाही. शेंडा छाटला की झाड बोडकं दिसतं. ते पट्ट्याचं झाड बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. ‘शेंडा कुठे गेला?’ असं ते विचारतील, म्हणून मी तुला पान पाठवलं. साधंच निघणार हे ठाऊक असून पाठवलं.

तुझी
आई

२ एप्रिल

ठमे,

कापूस उचलला आणि तुझी चिठ्ठी तिथेच उभ्याने वाचली. ‘माझ्या शेजारची खोली रिकामी झालीये. पूर्वेला खिडकी आहे. घरमालकीण एक मेपर्यंत थांबेल. ये. झाडं आणू नकोस.’

बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘काय गं, पानं कुजली का?’ मी म्हटलं, ‘नाही, चांगली आहेत.’ चिठ्ठी मुठीत भिजून लगदा झाली, पण पाठ झालीये.

तू लिहिलंस तसं मला नाही लिहिता येत. हो म्हणू की नाही? इथे तीन दिवस मी नुसती सबबींची यादी करतेय. बाबांना चहा करता येत नाही. माझे गुडघे. लोक काय म्हणतील, हे तर आहेच. लोकांचं नाव घेतलं की आपली भीती जरा कमी दिसते. आणि सगळ्यांत वर ह्या एकशे चाळीस कुंड्या. बाबांना पाणी घालायला सांगितलं तर ते मापून घालतील, एकेकीला सारखं, आणि पंधरा दिवसांत निम्मी कुजतील. ती मरताना मी तिथे तुझ्या शेजारी बसून काय करू?

म्हणून ठरवलंय. आधी झाडं जातील, मग मी.

बाबांना सांगितलं, पिठ्या ढेकूण पडलाय. ही आमच्याकडची महामारी. पांढऱ्या कापसासारखी कीड असते, एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. लागलेलं झाड घरात ठेवायचं नाही असा मंडळाचाच नियम आहे. रोज पाच-सहा कुंड्या पिशवीत घालते आणि कचऱ्यात टाकून येते म्हणून खाली जाते. प्रत्यक्षात त्या आपल्या इमारतीखालच्या टेलरबाईंच्या दुकानात ठेवते. त्यांना म्हटलंय, ‘फार झालीत हो, होत नाही आता, मंडळात वाटून टाका. पण यांना कळू देऊ नका, मांडण्या यांनी हाताने केल्यात, वाईट वाटेल.’ टेलरबाई भल्या आहेत. तोंडात टाचण्या धरून मान डोलावली.

बघ, तुझी आई केवढी लबाड आहे. धडधाकट झाडांना आजारी ठरवून घराबाहेर काढतेय.

आई

१५ एप्रिल

ठमे,

बावन्न उरली.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. तुझ्या खोलीतल्या दोन्ही मांडण्या रिकाम्या झाल्यात आणि दिवे मात्र सहाला लागतातच. काल बाबा त्या रिकाम्या फळ्या ओल्या फडक्याने पुसत होते. मला म्हणाले, ‘तुझा जीव होता त्यांच्यात.’ तेहेतीस वर्षांत माझा जीव कशात आहे हे त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि तेही मी त्यांना फसवत असताना. मला त्यांचा राग हवा होता गं. राग आला असता तर बॅग भरणं सोपं होतं.

या खोक्यात पानं नाहीत. कापूस जपून उचल. पट्ट्याच्या झाडाचा शेंडा आहे. काल दुपारी बाबा झोपले असताना दोऱ्याने कापला. सुरी लागत नाही, दोरा बुंध्याभोवती घेऊन दोन टोकं ओढायची, कट्कन येतो. मांडीवर कुंडी घेऊन बसले होते, दोरा गुंडाळला आणि ओढवेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग ओढला. संध्याकाळी बाबांनी विचारलंच, ‘शेंडा कुठे गेला?’ मी म्हटलं, ‘कीड होती.’ त्यांनी त्या खुंटाला बोट लावून पाहिलं. नंतर आले आणि या खोक्यावर पत्ता लिहून दिला.

ओल्या मातीत लाव, वरून प्लास्टिकची पिशवी घाल. महिन्याभरात मुळं धरेल. याला खरे पट्टे येतील.

आता दुसरं खोटं. एवढं कापल्यावर हेही कापते.

तू त्या सकाळी नोकरीसाठी निघालीस, तेव्हा बाबा म्हणाले, ‘गेलीस तर हे दार बंद.’ ते त्यांनीच म्हटलं. पण संध्याकाळी तू परत आलीस, राहिलेले दाखले न्यायला, आणि तीनदा बेल वाजवलीस, तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते. त्यांना बेल ऐकूही आली नसेल. कडी उघडीच होती. ती मी लावली, ठमे. जिन्यात तुझी पावलं ओळखली आणि लावली. तू आत आली असतीस तर बाबा बाहेर आले असते, शब्दाला शब्द वाढला असता, आणि मला कुणातरी एकाच्या बाजूने बोलावं लागलं असतं. ते नको होतं, म्हणून तू नको होतीस. दाराच्या आत मी उभी होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर. तू चौथ्यांदा वाजवली नाहीस. दाखले दुसऱ्या दिवशी मीच टपालात टाकले, नाव न घालता. तुला वाटलं असेल बाबांना पाझर फुटला.

यानंतर खोली ठेवायची की नाही ते तुझं तू बघ.

आई

२४ एप्रिल

ठमे,

‘कडी तू लावलीस हे मला तेव्हाच कळलं होतं. बाबांनी लावली असती तर आवाज झाला असता. ये.’

तुला माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं, आणि तरी ये म्हणतेस.

येते. लिहिते आहे बघ, येते.

मंगळवारी, अठ्ठावीसला, बाबा डोळे तपासायला जाणार आहेत. डोळ्यांत औषध घालतात, बुबुळ मोठं होईपर्यंत बसवून ठेवतात, दुपारचा एक वाजतोच. नऊला ते निघतील. दहाची गाडी मी धरेन. तुझ्याकडे पोचायला दिवेलागण होईल. पिशवी छोटीच आहे, मागच्या दाराच्या आड ठेवलीय. त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून झाली. सहा वेळा लिहिली. शेवटी एवढंच राहिलं की मी लेकीकडे जातेय आणि गॅसचं बटण उजवीकडे फिरतं.

सोळा कुंड्या उरल्यात. त्या मी देणार नव्हते कुणाला, म्हणून मागे राहिल्या. सोळा मरतील. मरू देत. हेही लिहिलं बघ.

बाबा हल्ली मला काही विचारत नाहीत. फोनवर बोलत असतात, मी गेले की थांबतात. आजारी बाईशी वागतात तसं वागतात माझ्याशी. काल स्वतः चहा करायला गेले आणि पातेलं करपवलं. नको ना असं करू, म्हणावंसं वाटलं.

मंगळवारी थांब्यावर ये.

आई

३० एप्रिल

ठमे,

तू गाडीच्या थांब्यावर किती वेळ उभी होतीस, ते मला सांगू नकोस.

मी निघाले होते. हे खोटं नाही. बाबा नऊला गेले. साडेनऊला चिठ्ठी ओट्यावर ठेवली, पिशवी घेतली, दार ओढलं आणि एक जिना उतरले. दुसऱ्याच्या वळणावर खालून माणसांचा आवाज. बघते तर सगळं मंडळ वर येतंय! पुढे दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद ठेवून आलेले. मागे लायब्ररीवाल्या बाई, टेलरबाई, आणखी सात-आठ जण. प्रत्येकाच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये व्हायोलेट.

‘अरे, काकूंनी पकडलं आपल्याला!’ डॉक्टर ओरडले. ‘काकांनी चांगलं ठरवलं होतं, तुम्ही आत असताना गुपचूप दाराशी मांडायची!’

बाबांनी एकेकाला फोन केले होते. हिची झाडं गेली, ही अन्न टाकून बसलीय, हिने दिलेली ठेव आता हिला परत करा. आणि मंडळाने केली. कुणी नाही म्हटलं नाही. वीस वर्षांत मी ज्याला-ज्याला पान दिलं होतं, तो-तो झाड घेऊन आला. घरचं झालं थोडं, तसं हे. टेलरबाईंनी तर मी महिनाभर त्यांच्याकडे पोचवलेलीच आणली. मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, ‘काकू, काका इतके रडवेले झाले होते, माझ्याने राहवलं नाही. कीड होती हे काही मी खोटं पाडलं नाही हं.’

मग त्यांना माझी पिशवी दिसली. ‘निघाला होतात कुठे?’

सगळे माझ्याकडे बघत होते. इतके आनंदात होते गं. मी म्हटलं, ‘कुठे नाही. तुमच्याकडेच येत होते. कपडे उसवलेत, शिवायला टाकायचे होते.’

‘मग द्या की इकडे,’ म्हणाल्या, आणि पिशवी घेतली. डॉक्टरांनी रिकाम्या झालेल्या माझ्या हातात एक कुंडी ठेवली.

मी वळले आणि त्यांच्या पुढे जिना चढले. ओट्यावरची चिठ्ठी आधी उचलली. अकरा जणांचा चहा टाकला. एकशे सोळा झाली, मीच मोजली.

बाबा एक वाजता आले. डोळ्यांवर काळा चष्मा, दिसत काहीच नव्हतं. चाचपडत मांडणीपाशी गेले, कुंड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘भरल्या ना?’ मी म्हटलं, ‘भरल्या.’ पानांना हात लावू नका, एवढंही मला सांगवलं नाही.

तू म्हणशील, संध्याकाळी निघायचं. दुसऱ्या दिवशी निघायचं. टेलरबाईंनी काल पिशवी आणून दिली. कपडे कुठेच उसवलेले नव्हते. त्यांनी सगळ्यांना इस्त्री केली होती आणि वर माझा दात घासायचा ब्रश नीट रुमालात गुंडाळून ठेवला होता. दारातून परत फिरताना एवढंच म्हणाल्या, ‘काकू, दहाची गाडी रोज असते.’

त्या गेल्यावर मी बराच वेळ दारात उभी होते. बाबांना, मंडळाला, टेलरबाईंना, एकेकाला मनात दोष देऊन पाहिला. कुणालाच लागू पडेना. तेव्हा तुला खरं सांगते, आणि हे तुला माहीत असूच शकत नाही, कारण मलाही मंगळवारीच कळलं. जिन्याच्या वळणावर ते सगळे दिसले ना, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं. कुंडी हातात आली आणि मनात आलं, सुटले.

उद्या एक तारीख. खोली कुणाला तरी देऊन टाक, बाळा. शेंड्याला आठवड्यातून एकदाच पाणी घाल, आणि मला विचारू नकोस की कधी येतेस. तू विचारलंस तर मी पुन्हा लिहीन, येते.

आई